मराठीत पीपीटी किंवा रिपोर्ट करताय? आधी कामाचा क्रम बघून घ्या

डीटीपीच्या दुकानात बसते मी, त्यामुळे दर आठवड्याला कोणीतरी पेन ड्राइव्ह घेऊन येतं आणि म्हणतं, ताई जरा सेटिंग करून द्या ना, मॅटर सगळं तयार आहे. फाइल उघडली की दिसतं, मॅटर तयार वगैरे काही नसतं. थीम निवडलेली असते, मागे निळ्या लाटांचं चित्र असतं, पहिल्या स्लाइडवर 'हार्दिक स्वागत' फिरत फिरत येतं, आणि पुढच्या बारा स्लाइडवर वर्डच्या फाइलमधले पॅरेग्राफ जसेच्या तसे चिकटवलेले असतात. लोकांना डिझाइन जमत नाही असं मला तरी वाटत नाही, त्यांचा क्रम उलटा असतो. शेवटी करायचं ते आधी करतात आणि जे आधी करायचं ते सभेच्या आदल्या रात्री आठवतं.

समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत घेते. एक साठ फ्लॅटची सोसायटी आहे, रीडेव्हलपमेंट करायचंय, तीन बिल्डरांच्या ऑफर आल्यात आणि सेक्रेटरींना सर्वसाधारण सभेत त्या समजावून सांगायच्यात. त्यासाठी स्क्रीनवर दाखवायला स्लाइड हव्यात आणि सभासदांना घरी न्यायला एक छापील टिपण हवं. तुमचा विषय शाळेचा असो, बचत गटाचा असो नाहीतर ऑफिसचा, क्रम हाच राहतो.

## १. लॅपटॉप उघडायच्या आधी : चार पाठकोरे कागद

पाठकोरा कागद घ्या आणि त्याच्यावर तीन गोष्टी लिहा. समोर कोण बसणार, ते कुठे बसून बघणार आणि उठताना त्यांनी काय ठरवलेलं असायला हवं. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं आणि तेच कोणी लिहीत नाही. 'रीडेव्हलपमेंटची माहिती देणे' हा झाला विषय. 'तीनपैकी कोणत्या दोन बिल्डरांना पुढच्या चर्चेला बोलवायचं हे सभेने ठरवणे' हे काम. काम एकदा लिहिलं की अर्धं मॅटर आपोआप गळतं, सोसायटीची स्थापना, पहिली कमिटी, इमारतीचा जुना फोटो, हे सगळं. प्रेमाने ठेवलेलं असतं ते, मान्य आहे, पण दुसऱ्या बिल्डरचं नाव येईपर्यंत मागच्या दोन रांगा मोबाइलमध्ये गेलेल्या असतात.

मग लोकांच्या डोक्यातले प्रश्न लिहा, त्यांच्याच भाषेत. मला किती जागा जास्त मिळणार? भाडं किती आणि किती महिने? मधेच काम थांबलं तर? पार्किंगचं काय? एका प्रश्नाला एक कागद, आणि प्रश्नाखाली एका पूर्ण वाक्यात उत्तर. कागद जमिनीवर पसरा आणि वरखाली करून क्रम लावा. हे काम स्क्रीनवर करू नका, कारण स्क्रीनवर स्लाइड हलवायला लागलात की पाचव्या मिनिटाला हात रंगांकडे जातो.

चेक: कागदावरची नुसती उत्तरं ओळीने मोठ्याने वाचा. ऐकणाऱ्याला गोष्ट कळली तर पुढे जा, नाहीतर अजून इथेच थांबायचंय.

## २. स्लाइड वेगळी, टिपण वेगळं

एकच फाइल दाखवायला पण आणि वाटायला पण, असं केलं की ती दोन्हीकडे फसते. स्लाइड लांबून बघायची असते आणि बाजूला माणूस बोलत असतो. टिपण हातात धरून, चहा पिता पिता, मागे पुढे पानं उलटून वाचायचं असतं, आणि तिथे समजावून सांगायला कोणी नसतं. त्यामुळे स्लाइडवर लांब वाक्यं चालत नाहीत आणि टिपणात तुटक मुद्दे चालत नाहीत.

म्हणून जमिनीवरचे कागद घ्या आणि प्रत्येकाचे दोन वाटे करा. वाक्यातलं उत्तर आणि त्याला लागणारं एक चित्र किंवा दोन-चार आकडे जातील स्लाइडवर. अटी, अपवाद, पूर्ण तक्ता, 'ओसी (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) मिळेपर्यंत' वगैरे कलमांची भाषा जाईल टिपणात. डबल काम आहे असं वाटतं. नाहीये. टिपण नीट झालं की स्लाइडला तासभर पुरतो, उलट मात्र कधी होत नाही.

## ३. फॉन्ट आधी पक्का करा, मराठीत इथेच घात होतो

इंग्रजीवाल्यांना हा टप्पा पाच मिनिटांचा, आपल्याला अर्धा तास द्यावा लागतो.

पहिलं म्हणजे युनिकोड, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा कोड देणारी, सगळ्या मशीनवर चालणारी पद्धत. श्रीलिपी, कृतिदेव असल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं मॅटर ज्या मशीनवर तो फॉन्ट नाही तिथे इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन दिसतं, कारण आत खरोखर इंग्रजी अक्षरांचेच कोड असतात, फक्त वरचं रूप मराठी असतं. जुन्या फाइलमधून मॅटर घेताय तर आधी कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा आणि मग डोळ्यांनी वाचून काढा, ऱ्हस्व इकार आणि रफार हमखास एक घर इकडे तिकडे सरकलेले असतात, 'वाऱ्या' 'दुसऱ्या' मधला अर्धा ऱ तर बहुतेक वेळा बिघडलेलाच असतो.

दुसरं, फॉन्ट कोणता. प्रोजेक्टरवर सगळीकडे सारख्या जाडीचं अक्षर घ्या, मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी, दोन्ही गुगल फॉन्ट्सवर फुकट मिळतात आणि दोन्हीत बारीकपासून ठसठशीतपर्यंत खरी वजनं (अक्षराच्या जाड्या) आहेत. बोरूने लिहिल्यासारखे जाड-बारीक फॉन्ट कागदावर छान दिसतात पण स्क्रीनवर त्यांच्या बारीक रेघा उडून जातात. छापील टिपणाला तिरो देवनागरी मराठी मला आवडतो, पण त्यात बोल्ड नाहीये, तुम्ही बोल्डचं बटण दाबलंत तर सॉफ्टवेअर अक्षराला नुसतं फुगवतं आणि 'ध', 'ठ', 'क्ष' यांची पोटं भरून काळे ठिपके होतात. टिपणातली हेडिंग मुक्ताच्या जाड वजनात करा आणि मजकूर तिरोमध्ये, दोन फॉन्ट झाले, बास. तिसऱ्याला घरात घेऊ नका.

'ल' आणि 'श' कडे पण बघा. काही फॉन्ट हिंदी वळणाचे असतात. आपल्याकडे पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श चालतो, राज्य सरकारच्या २००९ च्या शासन निर्णयातही तीच रूपं दिलीयत. सोसायटीच्या सभेत त्यावरून कोणी भांडणार नाही, पण सरकारी ऑफिसला द्यायचा कागद असेल तर लक्ष ठेवलेलं बरं.

फॉन्ट निवडला की मी ही एक ओळ टाइप करून बघते:

कृपया शृंगारपूरच्या दुसऱ्या मोठ्या लग्नाला सर्वांनी या, ₹ १,२५,०००

ओळ वेडीवाकडी आहे पण कामाची आहे, ऋकार, अर्धा ऱ, रफार, जोडाक्षरं आणि रुपयाचं चिन्ह सगळं एका ठिकाणी दिसतं. एखाद्या जागी चौकट आली किंवा ऋकार खाली तुटला तर फॉन्ट सोडा.

साइजच्या आकड्यावर विसंबू नका. मंगल आणि कोकिळा दोन्ही १४ ला ठेवून शेजारी बघा, मंगल धिप्पाड दिसतो आणि कोकिळा किडमिडीत. त्यामुळे 'सगळीकडे १२ ठेवा' असल्या इंग्रजी नियमांना मराठीत अर्थ नाही. छापलेलं हातभर अंतरावरून वाचता येतंय का, एवढंच बघायचं.

या चार गोष्टी देवनागरीला करू नका:

- अंडरलाइन. रेघ उकार आणि ऋकाराला कापत जाते, 'कृपया' लिहून खाली रेघ मारून बघाच.
- अक्षरांमधलं अंतर वाढवणं. शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो.
- इटॅलिक. बहुतेक मराठी फॉन्टमध्ये खरं इटॅलिक नसतंच, मशीन अक्षर नुसतं कलतं करतं. जोर द्यायचाय तर जाड वजन वापरा.
- ओळींच्या अंतराला 'एक्झॅक्टली' देऊन छोटा आकडा टाकणं. वरचे रफार, मात्रा आणि अनुस्वार कापले जातात. 'मल्टिपल' घ्या आणि १.२ ते १.४ च्या मधे ठेवा, फॉन्टप्रमाणे थोडं कमी-जास्त करा. मंगलची ओळ मुळातच उंच असते, त्याला १ पण पुरतं.

## ४. मास्टर आणि स्टाइल : कंटाळवाणा टप्पा, पण पुढचे दोन तास वाचतात

पॉवरपॉइंटमध्ये 'व्ह्यू' मध्ये जाऊन 'स्लाइड मास्टर' उघडा, हा सगळ्या स्लाइडचा साचा. डावीकडे सगळ्यात वर जी मोठी स्लाइड दिसते तिच्यावर टायटलचा आणि मजकुराचा फॉन्ट, साइज, रंग, जागा ठरवा. तिथेच एक मराठी ओळ टाइप करून बघा, कारण वरच्या डब्यात फॉन्टचं नाव वेगळं दिसतं आणि मराठी अक्षर मात्र गुपचूप मंगल किंवा निर्मलावर जातं, असं बऱ्याचदा होतं. स्लाइड नंबर चालू करा. सभेत लोक 'ती मघाची स्लाइड' असंच म्हणतात, नंबर असला की 'सात नंबर लावा' म्हणतात.

साठ माणसांच्या हॉलला टायटल ३६ आणि मजकूर २८ धरा, २४ च्या खाली काहीच नको. मग मास्टर बंद करा आणि पुन्हा त्याच्यात हात घालू नका.

सावधान: पॉवरपॉइंटला ऑटोफिट नावाची एक सवय आहे. डब्यात मजकूर जास्त झाला की ते न विचारता अक्षर बारीक करतं, म्हणजे मास्टरमध्ये २८ ठेवलेलं असतं आणि स्लाइडवर १९ झालेलं असतं. डब्याच्या कोपऱ्यात छोटं चिन्ह येतं तिथून ते बंद करा. मजकूर मावत नाही याचा अर्थ मजकूर जास्त आहे, अक्षर मोठं नाहीये.

वर्डमध्ये हेच काम स्टाइल करतात. हेडिंग आहे म्हणून बोल्ड केलं आणि १६ केलं असं प्रत्येक ठिकाणी हाताने करू नका, 'हेडिंग वन' 'हेडिंग टू' लावा आणि त्या स्टाइलमध्येच एकदा बदल करा. इथे मराठीवाल्यांसाठी एक खड्डा आहे. वर्ड मराठीला 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' समजतं आणि तिचा फॉन्ट, साइज, बोल्ड हे सगळं इंग्रजीपासून वेगळं साठवतं. स्टाइल बदलताना लॅटिन निवडलेलं असेल तर तुम्ही कितीही आकडे बदला, मराठी अक्षर जागचं हलत नाही, आणि माणसाला वाटतं वर्ड बिघडलंय. त्या खिडकीत कॉम्प्लेक्स निवडा, मग बदला.

पॅरेग्राफमधली जागा दोनदा एंटर मारून करू नका, स्टाइलमध्ये 'स्पेसिंग आफ्टर' ६ किंवा ८ द्या. नवीन पान हवं तर एंटर एंटर करत खाली जाऊ नका, कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबा. आकडे एकाखाली एक लावायला स्पेसबार तर अजिबात नको. कोणीतरी पहिल्या पानावर एक ओळ वाढवतं आणि नवव्या पानापर्यंत सगळं घरंगळत जातं, हे निस्तरायला आमच्याकडे येतात आणि मग बिल बघून नाराज होतात!

चेक: वर्डमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि ८ दाबा. एंटर आणि स्पेसच्या खुणा दिसायला लागतील. ओळीने पाच-सहा एंटर दिसले की तिथे काहीतरी जुगाड केलेलं आहे.

## ५. आता स्लाइड भरा : टायटलमध्ये उत्तर लिहायचं

'भाडे', 'कार्पेट एरिया', 'कॉर्पस फंड' ही टायटलं झाली कपाटावरच्या लेबलांसारखी, आत काय आहे ते सांगत नाहीत. जमिनीवरच्या कागदावर जे पूर्ण वाक्य लिहिलं होतंत तेच टायटलला द्या.

भाड्याचंच घेऊ. समजा ऑफर अशा आहेत: 'अ' महिना २८ हजार देतोय २४ महिने, 'ब' ३० हजार देतोय २४ महिने आणि 'क' ३५ हजार देतोय पण १८ महिने. सेक्रेटरींच्या मूळ फाइलमध्ये हे चौदा ओळींच्या तक्त्यात पाचव्या ओळीला होतं, ११ च्या अक्षरात, आणि वाचणारा सगळ्यात मोठा आकडा बघतो, ३५ हजार, विषय संपला. गुणाकार करा. 'अ' चे होतात ६,७२,०००, 'ब' चे ७,२०,००० आणि 'क' चे ६,३०,०००. म्हणजे टायटल असं हवं: 'महिन्याचं भाडं क चं जास्त, पण हातात एकूण पैसे ब चे जास्त'. खाली तीन बार, प्रत्येक बारवर त्याचा आकडा आणि तळाशी बारीक (पण २४ च्या) अक्षरात महिने. झाली स्लाइड. सभेत 'आणि काम तीस महिने चाललं तर?' हा प्रश्न इथे आपोआप उठतो, आणि तो उठायलाच हवा, त्याचं उत्तर पुढच्या स्लाइडवर ठेवा.

सावधान, बारचा तळ शून्यावरच हवा. एक्सेल आणि पॉवरपॉइंटमध्ये आकडे एकमेकांच्या जवळ असले की चार्टचा अक्ष आपोआप शून्य सोडून वरून सुरू होतो. इथे तो ६ लाखांवरून सुरू झाला असं समजा, मग 'क' चा बार राहील ३० हजारांचा आणि 'ब' चा दिसेल १,२०,००० चा, म्हणजे चौपट उंच! खरा फरक आहे ९० हजारांचा. मागच्या रांगेतल्या काकांनी हे पकडलं तर पुढची सगळी सभा 'कमिटीने ब शी सेटिंग केलंय' यावरच जाते. अक्षावर राइट क्लिक करून 'मिनिमम' मध्ये शून्य टाका.

आकड्यांमधले स्वल्पविराम पण बघा. कॉम्प्युटरचा रीजन इंडिया नसेल तर एक्सेल ७,२०,००० ला ७२०,००० लिहितं आणि लाखात विचार करणारा माणूस अडखळतो. आणि अंक मराठी की इंग्रजी ते एकदा ठरवा. चार्ट आपणहून इंग्रजी अंक टाकतो, त्यामुळे चार्ट भरपूर असतील तर सगळीकडेच इंग्रजी अंक ठेवा, अर्धे असे अर्धे तसे नको.

जागा लावायची तर एक डावी रेघ धरा. टायटल, मजकूर, चार्ट सगळं त्याच रेघेपासून सुरू झालं की स्लाइड आपोआप नीटनेटकी दिसते. ऑल्ट आणि एफ ९ दाबलं की गाइड दिसतात, आणि तीन-चार वस्तू निवडून 'अलाइन' दिलं की नजरेच्या अंदाजावर राहायला लागत नाही. सगळं मधोमध करायची आपल्याला लग्नपत्रिकेमुळे सवय आहे, पत्रिकेत शोभतं, पण मुद्द्यांची यादी मधोमध केली की प्रत्येक ओळीची सुरुवात शोधावी लागते. चारी बाजूंना मोकळी जागा राहू द्या, रिकामं दिसतंय म्हणून कोपऱ्यात हात जोडलेलं चित्र टाकू नका.

बुलेट लागतीलच कधीतरी. चारपेक्षा जास्त झाले की स्लाइड दोन करा, स्लाइडला काही पैसे पडत नाहीत. अमेरिकन गुंतवणूकदार-लेखक गाय कावासाकीचा १०-२०-३० चा नियम बऱ्याच जणांनी ऐकलेला असतो, दहा स्लाइड, वीस मिनिटं, तीस पॉइंटचं अक्षर. तो पैसे मागायला आलेल्या स्टार्टअपवाल्यांसाठी होता, आपल्या सभेला स्लाइड बारा झाल्या तरी चालतील, अक्षर मोठं हवं हे तेवढं मनावर घ्या.

ॲनिमेशन एकाच कामासाठी ठेवा, बार एकेक करून आणायचे असतील तर 'अपिअर' लावा. फिरणारं, उड्या मारणारं काही नको.

## ६. रंग सगळ्यात शेवटी

आत्तापर्यंत सगळं काळं-पांढरं-राखाडी असायला हवं, आणि तसं असतानाही कळत असायला हवं. आता एक रंग आणा आणि जिथे बघायला सांगायचंय तिथेच लावा, म्हणजे भाड्याच्या स्लाइडवर 'ब' चा बार गडद निळा, बाकी दोन राखाडी. कुठलाही रंग लावताना एकदा ठरवलं की 'ब' निळा तर तो शेवटच्या स्लाइडपर्यंत निळाच राहतो.

सोसायटीच्या हॉलमध्ये ट्यूबलाइट चालू असतात, खिडकीला पडदे नसतात आणि प्रोजेक्टर भाड्याचा असतो. लॅपटॉपवर जो भगवा झकास दिसतो तो तिथे फिकट पिवळट होतो, पांढऱ्यावरची पिवळी अक्षरं तर गायबच. काळं किंवा गडद निळं अक्षर आणि पांढरी पाटी, याच्यात धोका नाही. मोजूनच बघायचं असेल तर वेबसाइटवाल्यांचं डब्ल्यूसीएजी नावाचं मानक आहे, साध्या अक्षराला कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि पाटी यांच्या उजेडातला फरक) किमान ४.५ ला १ आणि मोठ्या अक्षराला ३ ला १, त्याचे चेकर नेटवर फुकट आहेत. फोटोवर थेट अक्षरं लिहू नका, आकाशावर वाचता येतात आणि झाडावर आली की हरवतात.

लाल म्हणजे वाईट आणि हिरवं म्हणजे चांगलं, एवढ्यावरच अर्थ ठेवू नका. काही लोकांना, जास्त करून पुरुषांना, लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही. शिवाय टिपणाची झेरॉक्स काळी-पांढरीच निघते, त्यात लाल आणि हिरवा दोन्ही सारखेच राखाडी. रंगाच्या जोडीला शब्द लिहा, 'लेखी दिलंय', 'लेखी नाही'.

## ७. टिपण : पूर्ण तक्ता इथे येतो

चौदा ओळींचा तक्ता वाईट नाही, तो चुकीच्या जागी होता. कागदावर तो हवाच, लोक पेनाने खुणा करतात.

तक्त्याच्या सगळ्या रेघा काढून टाका आणि फक्त आडव्या बारीक राखाडी ठेवा. आकडे उजवीकडे लावा म्हणजे एकक दशक एकाखाली एक येतात, शब्द डावीकडे. एकक कॉलमच्या डोक्यावर एकदाच लिहा, प्रत्येक खान्यात 'रु.' नको. तक्ता दुसऱ्या पानावर गेला तर 'रिपीट हेडर रोज' चालू करा, नाहीतर पानाच्या वर नुसते आकडे आणि कोणाचे ते कळत नाही. कुठे माहिती मिळाली नसेल तर खाना रिकामा सोडू नका, 'उत्तर आलं नाही' असं लिहा. रिकाम्या खान्याचा अर्थ प्रत्येकजण आपापला लावतो.

मजकूर डावीकडून लावा, 'जस्टिफाय' करू नका. वर्ड मराठी शब्द ओळीच्या शेवटी तोडत नाही, आणि आपले शब्द 'पुनर्विकासासंदर्भातील' एवढे लांब, त्यामुळे आधीच्या ओळीत चार शब्दांमधे बोटभर फटी पडतात. डावीकडचं मार्जिन दीड इंच ठेवा, फाइलला पंच मारतात तेव्हा अक्षरं भोकात जातात. हेडिंगला 'कीप विथ नेक्स्ट' असू द्या म्हणजे ते पानाच्या तळाला एकटं लटकत नाही. पान नंबर, तारीख आणि फोनवर कोणाला विचारायचं ते तळाला.

फोटो टाकायचे असतील तर व्हॉट्सॲपवर आलेले टाकू नका, तिथे फोटो दाबून बारीक होतो. पाठवणाऱ्याला 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. छपाईला ३०० डीपीआय (एका इंचात ३०० ठिपके) धरतात, म्हणजे ए फोर पानभर फोटोला साधारण २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात, अर्ध्या पानाला त्याच्या निम्मे.

## ८. प्रूफ : तीन वेळा, तीन वेगळ्या पद्धतीने

आधी नुसती टायटलं वाचा. मग नुसते आकडे, मूळ ऑफरचे कागद शेजारी ठेवून, दुसऱ्या माणसाला मोठ्याने वाचायला लावून. शेवटी शुद्धलेखन. हे तिन्ही एकदम करायला गेलं की काहीच होत नाही, डोळा मजकुरात गुंततो आणि ७,२०,००० चे २,७०,००० कोणाला दिसत नाहीत. माझ्या हातून एकदा जाहीर सूचनेत सभेचा वार आणि तारीख जुळत नव्हते, शनिवार लिहिलं होतं आणि तारीख रविवारची होती, चार जणांनी वाचलं होतं ते. तेव्हापासून वार-तारीख कॅलेंडर समोर धरूनच बघते.

लांबून बघायचा चेक: पडदा सहा फूट रुंद आहे आणि शेवटची रांग तेहतीस फुटांवर आहे असं धरा. १४ इंची लॅपटॉपचा स्क्रीन साधारण एक फूट रुंद, म्हणजे पडद्याच्या सहावा हिस्सा. मग तुम्ही पण सहाव्या हिश्शाच्या अंतरावर, साडेपाच फुटांवर उभे राहा आणि स्लाइडशो चालू करून वाचा. जे वाचता आलं नाही ते मागच्या रांगेला दिसणार नाही. चष्मा घालूनच बघा, उगाच शौर्य नको.

## ९. फाइल बाहेर पाठवताना

गुगल फॉन्टवरून आणलेला मुक्ता हॉलमधल्या लॅपटॉपवर नसणार. 'फाइल', 'ऑप्शन्स', 'सेव्ह' मध्ये जाऊन 'एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल' वर टिक करा, दुसऱ्याला बदल करायचे असतील तर त्याच्या खालचा सगळ्या अक्षरांचा पर्याय घ्या. तरीही सोबत पीडीएफ काढाच, मोबाइलवर पीपीटी उघडली की मराठीचे हाल होतात, पीडीएफचे होत नाहीत. वर्डमधून पीडीएफ काढताना प्रिंटमधून न काढता 'सेव्ह ॲज' मधून काढा आणि ऑप्शन्समध्ये हेडिंगवरून बुकमार्क करायला सांगा, मोठ्या रिपोर्टमध्ये वाचणारा आशीर्वाद देतो.

फाइलच्या नावात तारीख घाला, वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, म्हणजे ओळीने लागतात आणि 'फायनल' हा शब्द लिहायची वेळ येत नाही.

## १०. सभेच्या दिवशी

अर्धा तास आधी जा. प्रोजेक्टर जुना चौकोनी असला तर तुमच्या रुंद स्लाइडच्या वर-खाली काळ्या पट्ट्या येतील आणि सगळं अजून बारीक दिसेल, हे आदल्या दिवशी विचारलं असतंत तर 'डिझाइन' मधून स्लाइड साइज ४:३ करता आली असती. हॉलवर करू नका, सगळे डबे हलतात.

मागच्या रांगेत जाऊन बसा आणि भाड्याची स्लाइड लावायला सांगा. दिवे बंद करता येतात का ते बघा, पडद्यासमोरची एक ट्यूब बंद केली तरी पुष्कळ फरक पडतो. बोलताना वाद सुरू झाला तर बी दाबा, पडदा काळा होतो आणि लोक स्लाइडकडे बघायचं सोडून एकमेकांकडे बघतात, परत दाबलं की स्लाइड येते. सात नंबरवर जायचंय तर ७ दाबून एंटर.

आणि तक्त्याच्या पानाच्या साठ झेरॉक्स आदल्या संध्याकाळीच काढून ठेवा, सभेच्या दिवशी सकाळी नाही. आमच्या दुकानात सुद्धा रविवारी सकाळी लाइट जातेच.